सतरंजी समोर टाकली होती

तेलंगणातल्या बेला गावात कोणताही कार्यक्रम असो, अमृतरावांची खुर्ची पहिल्या रांगेत, मधोमध. भजन असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की कुणाच्या नव्या कापूस-जिनिंगचं उद्घाटन असो. ते आले, बसले, गळ्यातलं उपरणं सारखं केलं, की मग माइकवाला "हॅलो, हॅलो" म्हणायला मोकळा. कापडाचं दुकान आणि भजनी मंडळाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे वडिलांकडून आलं होतं आणि पहिली रांग त्या दोन्हींच्या मागोमाग आपोआप आली होती. जगात असेही कार्यक्रम असतात जिथे आत शिरायला अमृतरावांना कुणाला तरी विचारावं लागतं, हे पन्नाशी उलटेपर्यंत त्यांच्या कानावर आलं नव्हतं. ते ज्या दिवशी आलं, त्या दिवसाची ही हकीकत आहे. तो विषय निघाला की अजूनही त्यांचा चहा तसाच गार होतो.

त्यांची मुलगी दामिनी आदिलाबादला कॉलेजात शिकत होती आणि गात होती. शिकण्याबद्दल लोकांत दोन मतं होती, गाण्याबद्दल एकच. त्या हिवाळ्यात आदिलाबादच्या बाहेर, हमरस्त्याला लागून असलेल्या माळावर हैदराबादच्या कुण्या मंडळींनी मोठा संगीत महोत्सव ठरवला. मोठमोठे वाजवणारे, नाचणारे, धूर सोडणारे कलाकार येणार होते. त्यांच्या आधी, दिवेलागणीला, स्थानिक मुलांनाही एकेक गाणं म्हणायला मिळणार होतं. त्यात दामिनीची निवड झाली. पोस्टरवर तिचं नाव अगदी खाली होतं, पिण्याच्या पाण्याच्या सूचनेच्या जरासं वर. अमृतरावांनी ते पोस्टर दुकानात साड्यांच्या कपाटाला चिकटवलं आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी ते, मग साडी, असा क्रम ठेवला.

दामिनीचा फोन आला तो मात्र रडवेला.

"बाबा, तुमी समोर बसजा. मले तुमचा हात दिसला पायजे."

हा हात म्हणजे लाड नव्हता. दामिनी लहानपणापासून भजनात गायची ती बापाच्या हाताकडे बघत. अमृतराव मांडीवर थाप देत ठेका धरायचे आणि ती त्या थापेवर चालायची. आदल्या वर्षी कॉलेजच्या स्पर्धेत तिथल्या सरांनी पालकांना मागच्या बाल्कनीत कोंबलं. दामिनीला हात दिसला नाही. ती अंतऱ्यावर अडली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडली, आणि सगळ्या सभागृहासमोर रडत खाली उतरली. त्यानंतर किती तरी महिने तिने तोंडातून सूर काढला नव्हता. आता ती पुन्हा उभी राहत होती. या खेपेला अडली असती तर तिने गाणं कायमचं सोडलं असतं, हे तिला माहीत होतं आणि तिच्या बापालाही.

"तू काळजीच नको करू," अमृतराव म्हणाले. "तुया बाप समोरच बसन. पहिल्या रांगेत."

हे बोलणं शेजारच्या पांडुरंगरावांनी ऐकलं, कारण पांडुरंगराव सगळंच ऐकायचे. त्यांचं किराणा दुकान कापडाच्या दुकानाला लागून होतं आणि मधली भिंत पातळ होती. शिवाय असल्या महोत्सवांचा अनुभव असलेला बेल्यातला तो एकमेव माणूस. नागपूरला पुतण्याकडे गेले असताना त्यांनी असाच एक कार्यक्रम पाहिला होता. तो गच्चीवरून पाहिला होता आणि मधे दुसरी इमारत होती, हे त्यांनी पुढे फार उशिरा सांगितलं.

"अमृतराव, तथी खुर्च्या नसतात," ते म्हणाले. "लोक उभे राह्यतात. सकाळीच जाऊन सतरंजी टाका. आपली मंडळाची. मंग कोणाची हिंमत हाये?"

सल्ला अमृतरावांना तंतोतंत पटला. आपल्याकडे सतरंजीचा कायदा पक्का आहे. ज्याने सतरंजी टाकली त्याचा कब्जा, आणि ज्याचा कब्जा त्याच्याच नावे जागेचा पट्टा. रात्रीच्या भजनाला दुपारी सतरंजी टाकून जावं, शेतात जाऊन कापूस वेचून यावं, जेवावं, एक झोप काढावी आणि निवांत येऊन आपल्या जागी बसावं. मधल्या वेळात त्या सतरंजीवर कुत्रंसुद्धा बसत नाही. तहसिलीतले कागद इकडचे तिकडे झाले असतील, पण टाकलेली सतरंजी कुणी सरकवल्याचं बेल्याच्या इतिहासात उदाहरण नाही.

तेव्हा महोत्सवाच्या दिवशी सकाळीच भाड्याची जीप माळावर येऊन ठेपली. तिच्यात अमृतराव, त्यांच्या पत्नी सोजरबाई, पांडुरंगराव, ज्वारीच्या भाकरी, ठेचा, पिठलं, पाण्याची घागर, अमृतरावांचे पितळी टाळ आणि भजनी मंडळाची निळ्या पट्ट्यांची, अर्धं गाव बसेल अशी सतरंजी होती.

माळ रिकामा होता. मधोमध लोखंडी नळ्यांचा एक अवाढव्य सांगाडा उभा होता आणि त्यावर माकडांसारखी माणसं चढून बोल्ट आवळत होती. हेच स्टेज. पण चारी बाजूंनी उघडं. पडदा नाही, छत नाही. तोंड कुठलं आणि पाठ कुठली, काही कळेना.

अमृतरावांनी वर चढलेल्या एकाला विचारलं, "भैया, इसका मूं किधर है?"

त्या माणसाने खाली पाहिलं, तेलुगूत काहीतरी म्हणाला आणि पुन्हा बोल्टाला लागला. त्याला बोल्टाशी मतलब.

पण अमृतरावांना विचारायची तरी काय गरज होती? माळाच्या एका अंगाला, बोरीच्या झाडाखाली शेंदूर माखलेला मारुती होता. लहानसं देऊळ, कौलं नवी. दुसऱ्या अंगाला हमरस्ता. आता सांगा, गाणारा माणूस तोंड कुणाकडे करील? बेल्यात कोणताही मांडव पडला तरी तो मारुतीकडे तोंड करूनच पडतो. मारुतीकडे पाठ करून आजवर कुणी गायलेलं नाही, भाषण केलेलं नाही, साधा नारळसुद्धा फोडलेला नाही.

"मारुतीकडंच तोंड राह्यते," पांडुरंगराव म्हणाले. "नागपुरातई तसंच होतं."

झालं. स्टेज आणि मारुती यांच्या मधे, स्टेजला अगदी लागून सतरंजी पसरली गेली. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. मधोमध सोजरबाईंना बसवलं, शेजारी शिदोरी, घागर आणि त्यांची पिशवी. पिशवीत सोजरबाईंचा फोन होता. त्या फोनमध्ये दामिनीने पाठवलेले पास होते, म्हणजे ती ठिपक्याठिपक्यांची चौकोनी चित्रं. अमृतरावांचा स्वतःचा फोन बटणांचा होता, त्यात चित्र मावत नव्हतं.

"तुमी कुठी चालले?" सोजरबाईंनी विचारलं.

"चा पिऊन येतो. तू उठू नको वं. काई झालं तरी उठू नको."

हे वाक्य त्या दिवशी त्यांनी बोललेलं सर्वांत शहाणपणाचं वाक्य ठरलं, पण ते पुढे.

हमरस्त्यावर चहा झाला. मग पांडुरंगरावांना ओळखीचा कापसाचा दलाल भेटला, मग भाव निघाले, मग भैंसा गावातल्या एका लग्नाचा विषय निघाला, आणि तो विषय लहान नव्हता. दोघे परत आले तेव्हा माळाला पत्र्याचं कुंपण पडलं होतं. सकाळी जिथून जीप थेट आत गेली होती तिथे आता कमान होती, रांगा होत्या आणि काळ्या टीशर्टमधली दांडगी माणसं होती.

रांगेत उभं राहणं हा अमृतरावांना नवा प्रकार होता. त्यांच्या पुढे फाटक्या पँटी घातलेली पोरं. फाटक्या म्हणजे गरिबीने फाटलेल्या नव्हेत, दुकानातून फाडूनच आणलेल्या. कापडाच्या व्यापाऱ्याला ते बघवेना. रांग गोगलगायीच्या चालीने सरकली आणि एकदाचं झडतीचं टेबल आलं. तिथल्या माणसाने अमृतरावांच्या पिशवीत हात घातला आणि टाळ बाहेर काढले.

"ये क्या है?"

"टाळ हैं. बजाने के."

"अंदर अलाऊ नहीं."

"काऊन? म्हणजे, क्यूं?"

"मेटल है. फेंक के मारेंगे तो?"

अमृतरावांच्या कानशिलाच्या शिरा तटतटल्या. संगीताच्या कार्यक्रमाला वाद्य न्यायला बंदी! आणि फेकून मारतील म्हणे! तीन पिढ्या त्या टाळांनी देवाला जागवलं, कधी एका माशीला मारलं नाही. पण माणूस टाळ बादलीत टाकून मोकळा झाला. पाठोपाठ पांडुरंगरावांचा अडकित्ता, चुन्याची डबी आणि छत्रीही त्याच बादलीत गेली. अडकित्ता गेला तेव्हा पांडुरंगरावांचा चेहरा जवळचं माणूस गेल्यासारखा झाला.

झडतीच्या पुढे पासाचं टेबल.

"पास दिखाओ, अंकल."

"पास मेरे घरवाली के पास है. वो अंदर है. सतरंजी पे बैठी है."

"उनको बुलाओ."

"वो उठ नहीं सकती."

"तबीयत खराब है?"

"तबीयत ठीक है. मैंनेच बोला, उठू नको."

टेबलावरच्या पोराने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि बाजूला व्हायची खूण केली. मागून तेलुगूत "जरुगंडी, जरुगंडी", म्हणजे सरका, सरका, असा गलका झाला आणि फाटक्या पँटींच्या लोंढ्याने बेला भजनी मंडळाचे अध्यक्ष कुंपणाच्या कडेला नेऊन टाकले.

त्यांनी सोजरबाईंना फोन लावला. तो उचलला गेला, पण पलीकडून "धडाम धूम, धडाम धूम" एवढंच ऐकू आलं. स्टेजवर आवाज तपासत होते. त्या धडाक्यातून सोजरबाई ओरडल्या, "हालो! कोण? काई आयकू येऊन नाई राह्यलं! माये मालक चा प्यायले गेले!" आणि फोन ठेवून दिला.

मग दोघे परत झडतीच्या टेबलावर गेले. आत सोडत नाही तर निदान टाळ तरी द्या, ही मागणी रास्त होती की नाही? पण तिथल्या माणसाने मान हलवली. जमा केलेलं सामान आतून बाहेर जाताना मिळतं. तुम्ही आत गेलाच नाहीत, तर बाहेर कसे जाल? आणि बाहेर जात नाही, तर सामान कसं मिळेल? अमृतरावांनी हे दोनदा समजून घ्यायचा प्रयत्न केला. निजामाच्या काळात लोकांनी बरंच सोसलं असं त्यांचे आजोबा सांगत, पण असलं काही त्यांच्याही तोंडून ऐकलं नव्हतं.

"मदत केंद्र" अशी पाटी असलेला तंबू होता. तिथे एक गृहस्थ लॅपटॉपसमोर बसले होते. त्यांनी अमृतरावांचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकलं, सतरंजीपासून अडकित्त्यापर्यंत. मग म्हणाले, "सर, ये सब ॲप पे डालिए. दो-तीन दिन में जवाब आएगा."

"दोन-तीन दिवसांनी काय करू? पोरगी आज गाऊन राह्यली!" अमृतराव मराठीतच कडाडले. संताप झाला की त्यांची हिंदी आधी साथ सोडते.

"पाण्याच्या सूचनेच्या वर नाव हाये तिचं," पांडुरंगरावांनी पुरवणी जोडली.

गृहस्थांनी हसून पुढच्याला बोलावलं.

सूर्य कलला. कुंपणाच्या आत लोकांचा समुद्र, बाहेर हे दोघे. अमृतराव पत्र्याच्या फटीतून बघत होते आणि पुटपुटत होते. आपलाच जिल्हा, आपलाच माळ, आपलाच मारुती, आपलीच पोर, आणि आत कोण, तर ज्यांना सूर कशाशी खातात ते माहीत नाही असे! मनात मात्र एकच धाक होता. ती स्टेजवर येईल, समोर बघेल आणि हात दिसणार नाही. आपण तिला शब्द दिला होता.

तेवढ्यात मागच्या दाराशी पाण्याचा टेंपो येऊन थांबला. पाण्याच्या जारांनी तो काठोकाठ भरला होता आणि टेंपोवाल्याचे हमाल पळाले होते. घामाघूम झालेल्या त्या माणसाने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याला कडेला उभे असलेले, धोतर नेसलेले, उपरणं घेतलेले दोन इसम दिसले.

"ए अण्णा! देखते क्या खड़े? उठाओ ना!"

अमृतराव मागे वळून बघू लागले, हा कुणाला म्हणतोय. मागे पत्रा होता.

त्यांना आयुष्यात कुणी "ए" म्हटलं नव्हतं. उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण पांडुरंगरावांनी त्यांचा हात दाबला. त्यांचे डोळे दारावर होते. जार खांद्यावर घेतलेला माणूस आत जात होता आणि दारावरचा दांडगा त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हता. त्याला पास नाही, झडती नाही, ठिपक्यांचं चित्रही नाही.

"अमृतराव," पांडुरंगराव हळूच म्हणाले, "उचला."

नागपूरच्या गच्चीवरून आलेला हा एकमेव सल्ला त्या दिवशी खरा ठरला. अमृतरावांनी उपरणं डोक्याला गुंडाळलं, डोळे मिटून एकदा दामिनीला आठवलं आणि जार उचलला. दारावरचा दांडगा म्हणाला, "जल्दी, जल्दी." ज्या काळ्या टीशर्टांनी इतका वेळ त्यांना आत येऊ दिलं नव्हतं, त्यांच्यातलाच एक आता घाई करत होता.

आत शिरल्यावर मात्र कळलं की पाण्याचा जार खांद्यावर असलेल्या माणसाला स्वतःच्या मर्जीने चालता येत नाही. "ए पानी!" अशी हाक कुठूनही येई. पोरं बाटल्या घेऊन धावत येत, जार उतरवायला लावत, भरून घेत आणि "थँक्स भैया" म्हणून जात. पाण्याला नाही म्हणणं अमृतरावांच्या रक्तात नव्हतं, त्यामुळे ते पाजत सुटले. खाण्याच्या दुकानवाल्यांनी पांडुरंगरावांना पकडून आत ओढलं, ते पुढे कार्यक्रम संपेपर्यंत दिसले नाहीत. नंतर सापडले तेव्हा हातात काहीतरी गुंडाळलेलं खात होते आणि ते बरं नसल्याचं सांगत होते.

लोकांना पाणी पाजत, ढकलले जात, अमृतराव एकदाचे स्टेजसमोर पोचले. आणि थबकले.

स्टेज होतं, पडदे होते, दिवे होते. समोर हजारो माणसं होती. सतरंजी नव्हती. सोजरबाई नव्हत्या. मारुतीही नव्हता! त्यांनी गोल फिरून पाहिलं. पाठीमागे हमरस्ता होता. मग त्यांनी स्टेजकडे पाहिलं, स्टेजच्या पलीकडे बोरीचा शेंडा पाहिला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अरे!" ते मोठ्याने म्हणाले. "यायनं स्टेज उलटं बांधलं!"

शेजारच्या पोराने कानातला बोळा काढून "क्या?" विचारलं. अमृतरावांनी त्याला समजावून सांगितलं की स्टेजचं तोंड चुकलंय, मारुतीकडे पाठ झालीये, हे शोभत नाही. पोराने बोळा परत घातला.

ठीक आहे, उलटं तर उलटं. अमृतरावांनी ठरवलं, इथेच समोर उभं राहायचं. पण समोर म्हणजे कुठे? स्टेजला लागून लोखंडी कठडा, कठड्याच्या आत पांढरे सोफे. सगळे रिकामे! ते एका सोफ्यावर बसायला वाकले तोच दोघे धावून आले. हे साहेबांसाठी. साहेब कुठे आहेत? यायचे आहेत. कधी? माहीत नाही. म्हणजे न आलेल्या माणसाला बसायला जागा, आणि गाणाऱ्या पोरीच्या बापाला उभं राहायलाही नाही! कठड्याबाहेर उभं राहावं तर पुढे उंच पोरांची भिंत आणि प्रत्येकाचा हात फोन धरून वर. त्या हातांच्या जंगलात अमृतरावांचा एक हात कुणाला दिसणार? त्यात स्टेजवरचे दिवे असे प्रेक्षकांवर रोखलेले की वर उभ्या माणसाला खाली आपला बाप आहे की बैल, काही दिसू नये.

आणि लाउडस्पीकरवर नाव पुकारलं गेलं. आता येत आहे आपल्या जिल्ह्याची दामिनी!

 अमृतरावांनी जार उचलला आणि ते स्टेजला वळसा घालून धावत सुटले. कलाकारांच्या कुंपणावरचा पहारेकरी पुढे आला, जार पाहिला आणि बाजूला झाला. आत पाऊल टाकताच त्यांना ती दिसली. निळ्या पट्ट्यांची सतरंजी, चारी कोपऱ्यांवर दगड, जिथे टाकली तिथेच!

दिवसभरात सोजरबाईंना उठवायला तीन वेळा माणसं आली होती. एकाने तेलुगूत सांगितलं, एकाने हिंदीत, एकाने इंग्रजीत. तिघांना एकच उत्तर मिळालं, "माये मालक आले की सांगतो." शेवटी एका बाई पहारेकऱ्याला पाठवलं, तिला सोजरबाईंनी भाकरी-ठेचा दिला आणि प्रकरण मिटलं. आयोजकांनी नाइलाजाने सतरंजीच्या भोवतीने कुंपण घातलं. आता तिच्यावर सोनेरी केसांचा एक वाजवणारा आणि दोन नाचणाऱ्या मुली पिठलं खात बसल्या होत्या. पाठीमागे मारुतीपुढे पणती लागली होती. सतरंजीच्या सरळ रेषेत, काळ्या पडद्याच्या फटीतून, स्टेजवर चढायचा जिना होता. आणि जिन्याच्या वरच्या टोकाला, माइकपुढे, त्यांच्याकडे पाठ करून दामिनी उभी होती.

"आत्ताच गेली वर," सोजरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. "दिवसभर तुमालेच विचारून राह्यली. बाबा समोर हायेत ना, बाबा समोर हायेत ना. मी म्हटलं, हायेत. खोटं बोलली मी."

वर वाद्यं सुरू झाली. दामिनीची जागा आली आणि गेली. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. वाजवणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून घेतलं. पुन्हा जागा आली, पुन्हा गेली. फटीतून अमृतरावांना तिची मान दिसत होती, एकदा इकडे, एकदा तिकडे, उजेडात कुणाला तरी शोधणारी. पलीकडून पहिली शिट्टी आली. मग आणखी आल्या.

"दाखवा ना हात!" सोजरबाई ओरडल्या.

हात दाखवून काय होणार, ती पाठमोरी! टाळ असते तर! टाळ बादलीत पडले होते. अमृतराव सतरंजीवर मटकन बसले. आणि बसता बसता त्यांच्या मांडीवर आला तो जार. अर्ध्या आदिलाबादला पाजून रिकामा झालेला.

त्यांनी थाप मारली.

जार घुमला. त्यांनी दुसरी मारली, तिसरी मारली, आणि बेल्याच्या भजनाचा तो जुना ठेका त्या प्लास्टिकमधून असा निघाला की सोनेरी केसांच्या माणसाचा घास हातातच राहिला.

दामिनीची मान थांबली. ती वळली. पडद्याच्या फटीतून तिला खाली निळी सतरंजी दिसली, पणती दिसली आणि जारावर पडणारा हात दिसला. तिने माइक दांड्यातून उपसला, हजारो लोकांकडे सरळ पाठ केली आणि बापाकडे तोंड करून गाऊ लागली.

कापूस वेचणाऱ्या बायांच्या तोंडचं ऐकून तिनेच रचलेलं गाणं होतं ते. "बोंडं फुटली उन्हाची, माय वेचायले गेली." अंतरा आला. जिथे ती वर्षभरापूर्वी कोसळली होती तिथे ती क्षणभर थांबली, तिने हाताकडे पाहिलं, थाप पडली, आणि ती त्या थापेवर पाय ठेवून पलीकडे गेली. अमृतरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना ते पुसता येत नव्हतं, कारण हात कामात होता. वरचा ढोलवाला ठेका ऐकून त्यांच्या थापेला साथ करू लागला. शिट्ट्या थांबल्या. पडद्यापलीकडे एवढी माणसं आहेत की नाहीत अशी शंका यावी इतकं शांत झालं, आणि गाणं संपल्यावर जो आवाज उठला त्याने मारुतीची कौलं हलली.

दामिनी जिन्यावरून धावत खाली आली ती थेट सतरंजीवर.

"बाबा, तुमी समोर होते!"

"मंग?" अमृतराव नाक पुसत म्हणाले. "मी काय मांगं बसनारा माणूस हाव काय?"

टाळ परत मिळाले नाहीत. बाहेर जाताना पासाच्या टेबलावर मिळणारी पावती मागितली गेली. पाण्याच्या दारातून आलेल्या माणसाकडे पावती कुठली? यावर अमृतराव जे बोलले ते कुठल्याही भजनात नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच रामाजी न्हावी फोन घेऊन आला. महोत्सवाचं चित्रण सगळ्या गावात फिरलं होतं. लोक जमले, चहा आला. रामाजीने फोन पुढे धरला आणि जरा खंतावून म्हणाला, "अमृतराव, पोरगी गायली झकास. पण बाप्पा, आमाले नुसती वेणीच दिसून राह्यली. तिचं तोंडच नाई दिसत यात. तुमी कुठी बसले होते?"

"समोर," अमृतराव म्हणाले.

"समोर? अन् समोरून वेणी?"

अमृतरावांनी उपरणं सारखं केलं. या लोकांना काय काय समजावून सांगायचं, असा एक थकलेला संताप त्यांच्या चेहऱ्यावर आला.

"रामाजी," ते म्हणाले, "ते हजारो लोक होते ना तथी, ते समदे मांगं बसले होते. समोर आमी दोघंच होतो. मी अन् दामिनीची माय."

लग्नापासून आजवर नवऱ्याच्या एकाही वाक्याला मान न डोलावलेल्या सोजरबाईंनी आतल्या दारातून मान डोलावली.